दोन डिस्कचा नॅस आणि मॉडेल नंबरातली शेवटची अक्षरं: सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीतल्या एका घरात २०१८ पासून सायनॉलॉजी कंपनीचा डीएस२१८जे हा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा बॉक्स, चालू आहे. आत २ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही, म्हणजे मिरर. मे २०२५ मध्ये दुसऱ्या खणातल्या डिस्कवर खराब सेक्टर (माहिती लिहायचे छोटे तुकडे) वाढत चालल्याचे इशारे येऊ लागले. सात वर्षं रात्रंदिवस फिरलेल्या डिस्कचं असं होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. घर माझ्या मामांचं. ते बँकेतून निवृत्त झालेत, आणि काहीही बिघडलं की आधी स्वतः दुकानात जाऊन चौकशी करून येतात, मग मला फोन करतात. "अरे, दुकानदार म्हणतो कुठलीही टाका, साटा असली म्हणजे झालं. खरं का?"

खरं आहे, पण अर्धंच. साटाची (संगणकात डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) साडेतीन इंची जवळपास कुठलीही डिस्क त्या बॉक्समध्ये बसते, फिरते, हिरवा दिवा लागतो. पुढची दोन-तीन वर्षं काही बिघडत नाही. त्यामुळे "आमच्याकडे तर साधीच आहे, मस्त चालते" असं सांगणारेही खोटं बोलत नसतात. मिररमध्ये बसवलेल्या डिस्कची खरी परीक्षा तिची जोडीदार मरते त्या दिवशी होते. त्या दिवशी उरलेल्या डिस्कवरचं सगळं एका दमात वाचून नवीवर लिहावं लागतं (यालाच रिबिल्ड म्हणतात), आणि ते पुरं होईपर्यंत दुसरी प्रत कुठेच नसते. डिस्क निवडायची ती या दिवसासाठी. मामांच्या घरी काय घेतलं, काय नाकारलं आणि का, हे त्याच हिशेबाने लिहितो.

आत काय आहे आणि किती

मामांना नाट्यसंगीताचं वेड. सांगली-मिरजेत वाढलेल्या त्यांच्या वयाच्या माणसाला ते नसतं तरच नवल. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला होणाऱ्या संगीतसभा, गावातल्या घरगुती बैठका, रेडिओवरून टेप केलेली पदं, अशा सहाएकशे कॅसेट कपाटात आहेत. त्या एकेक करून संगणकावर उतरवायच्या आणि नॅसवर ठेवायच्या, हा निवृत्तीनंतरचा उद्योग. उतरवताना ते २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वापरतात. कॅसेटच्या फितीत एवढं टिपण्यासारखं काही नसतं, ४८ वर ठेवा, जागा निम्मी लागेल, असं मी सांगून पाहिलं. "पुन्हा उतरवायची म्हटलं तर फीत राहणार आहे का तोवर?" या त्यांच्या प्रश्नावर मी गप्प बसलो.

तर हिशेब असा. सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटचा, दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट, तासाला २ जीबीच्या किंचित वर, आणि ९० मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे ३.१ जीबी. सहाशे कॅसेट म्हणजे साधारण १.८६ टीबी. सगळ्या कॅसेट उतरवून झाल्या की २ टीबीच्या डिस्कवर घरातल्या फोनचे फोटो आणि नातीचे व्हिडिओ ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून मेलेल्या डिस्कच्या जागी तेवढीच नवी टाकण्यात अर्थ नव्हता. ४ टीबीच्या दोन घ्यायच्या, एवढं लगेच ठरलं. दुकानदाराने ८ टीबीचाही भाव सांगितला होता. पण गरज नसताना मोठी डिस्क घेतली की पैसे जातात आणि पूर्ण भरलेल्या डिस्कची नक्कल करायला तास तेवढेच वाढतात.

आधी बॉक्सची बाजू

डीएस२१८जेमध्ये ३२ बिटांचा प्रोसेसर आहे आणि ५१२ एमबी रॅम. त्याच्या आतल्या ३२ बिटांच्या लिनक्सवर एका व्हॉल्यूमची, म्हणजे डिस्कवर बनवलेल्या साठ्याची, मर्यादा १६ टीबी येते, ४ टीबीला काहीच अडचण नाही. ज्यांच्याकडे याहूनही फार जुने बॉक्स पडून आहेत त्यांनी मात्र २ टीबीची मर्यादा तपासावी. ३२ बिटांचा सेक्टर क्रमांक आणि ५१२ बाइटचा सेक्टर, यांचा गुणाकार २.२ टीबीपाशी संपतो, आणि त्यापुढची जागा अशा बॉक्सला दिसतच नाही. सर्व्हरमधून निघालेल्या सॅस (सर्व्हरसाठीची वेगळी जोडणी) डिस्क स्वस्तात मिळतात, त्या साटाच्या खणात बसत नाहीत, हे एकदा सांगून ठेवतो कारण दरवर्षी कुणीतरी घेऊन येतोच.

मग कंपनीची सुसंगत डिस्कची यादी. ती पाहावीच, पण ती काय सांगते हे समजून. यादीत नाव असणं म्हणजे कंपनीने ते मॉडेल त्या बॉक्सवर चालवून पाहिलंय. नाव नसणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की चालवून पाहिलेलं नाही. जुन्या बॉक्सच्या यादीत नव्या डिस्क उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि यादीतल्या जुन्या डिस्क दुकानात मिळत नाहीत. यादीत मॉडेल सापडलं तर चांगलंच. नाही सापडलं तर डिस्कच्या गुणांवर निर्णय करायचा. आमच्या बाबतीत तेच करावं लागलं.

इथे मामींनी एक रास्त मुद्दा काढला: बॉक्सलाही सात वर्षं झाली, मग दोन्ही एकदमच का बदलू नयेत? २०२५ च्या मे महिन्यात या प्रश्नाला एक वेगळाच फाटा फुटलेला होता. त्याआधीच्या महिन्यात सायनॉलॉजीने जाहीर केलं होतं की २०२५ च्या प्लस मालिकेतल्या बॉक्सवर नवीन व्हॉल्यूम बनवायचा तर डिस्क कंपनीच्या स्वतःच्या किंवा कंपनीने प्रमाणित केलेल्याच लागतील. त्याआधी यादी ही शिफारस होती, तेव्हा ती अट झाली. जगभर बोंब झाली. जुन्या बॉक्समधून उचलून आणलेल्या डिस्क चालतील अशी सोय ठेवलेली होती, पण नव्याने विकत घेणाऱ्याला बाजारातली नेहमीची नॅस डिस्क लावता येत नव्हती, आणि सायनॉलॉजीच्या छापाच्या डिस्क आमच्या आसपासच्या दुकानांत कुणी ठेवत नव्हतं. म्हणून बॉक्स तोच ठेवायचा, डिस्क बदलायच्या, असं ठरलं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ या बॉक्सच्या नव्या कार्यप्रणालीबरोबर कंपनीने साध्या डिस्कवरची ही अट मागे घेतली. पण मरणाऱ्या डिस्कला ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणता येत नाही.

दुकानातले तीन पर्याय आणि अमेरिकेतला एक

दुकानदाराने ४ टीबीच्या तीन डिस्क पुढे ठेवल्या होत्या. मामांनी तिघींच्या लेबलांचे फोटो पाठवले, ते फार बरं झालं. डिस्क विकत घेताना पेटीवरचं रंगीत नाव वाचायचं नसतं, लेबलावरच्या बारीक अक्षरांतला मॉडेल नंबर वाचायचा असतो.

पहिली सीगेटची बाराकुडा, एसटी४०००डीएम००४. सगळ्यांत स्वस्त, बाकीच्यांपेक्षा दोनअडीच हजारांनी कमी. दुसरी सीसीटीव्हीसाठीची, जांभळ्या लेबलाची. तिसरीवर "नॅस" असं छापलेलंच होतं: डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) रेड, डब्ल्यूडी४०ईएफएएक्स, दुकानात बरेच दिवस पडून असलेला नग. दुकानदाराच्या मते हीच तुमच्या कामाची, नावच नॅस आहे. मामाही तिच्याकडे झुकले होते. मी पहिली आणि तिसरी दोन्ही मिररसाठी नको म्हटलं, आणि दोघींचं कारण एकच होतं.

दोघीही एसएमआर पद्धतीच्या आहेत. हार्ड डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल पट्ट्यांत लिहिली जाते. जुन्या सीएमआर पद्धतीत प्रत्येक पट्टी शेजारचीला न भिडता स्वतंत्र असते. एसएमआरमध्ये कोकणातल्या घराच्या कौलांसारखी एक पट्टी दुसरीवर थोडी चढवलेली असते. तेवढ्याच तबकडीवर जास्त माल मावतो, डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. डिस्क हे आपल्यापासून लपवते: आलेलं लिखाण आधी एका राखीव सीएमआर पट्ट्यात टाकते आणि निवांत वेळ मिळाला की सावकाश जागच्या जागी लावते. घरच्या संगणकात निवांत वेळ भरपूर असतो, म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही. रिबिल्ड म्हणजे कित्येक तास न थांबता लिखाण. राखीव पट्टा भरतो, मग डिस्कला येणारं लिहायचं आणि साठलेलं आवरायचं ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. वेग कोसळतो, कधी कधी डिस्क इतका वेळ उत्तर देत नाही की वरची यंत्रणा तिला मेलेली समजून बाहेर काढते.

नॅस असं छापलेली डिस्क एसएमआर कशी, हा मामांचा पुढचा प्रश्न. याला २०२० सालचा इतिहास आहे आणि तो या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. डब्ल्यूडी रेडचं आधीचं ४ टीबीचं मॉडेल ईएफआरएक्स या अक्षरांनी संपायचं. ती सीएमआर, ६४ एमबी कॅशची (कॅश म्हणजे डिस्कमधली तात्पुरती स्मृती). मग ईएफएएक्स आलं: नाव तेच, लाल लेबल तेच, कॅश २५६ एमबी. गिऱ्हाइकाला वाटलं, कॅश चौपट, म्हणजे सुधारलेलीच असणार. २ ते ६ टीबीच्या या नव्या डिस्क एसएमआर आहेत हे कागदपत्रांत कुठे सांगितलेलं नव्हतं. नॅसमध्ये नवी डिस्क घातली की ती बाहेर फेकली जाते, रिबिल्ड पुरा होत नाही, अशा तक्रारी लोक करत होते. एप्रिल २०२० मध्ये ब्लॉक्स अँड फाइल्स या ब्रिटिश संकेतस्थळाने हे बाहेर काढलं, आणि त्याच महिन्यात वेस्टर्न डिजिटलने कोणती मॉडेलं एसएमआर आहेत याची यादी दिली. सर्व्ह द होम या संकेतस्थळाने डब्ल्यूडी४०ईएफएएक्स झेडएफएस या फाइल यंत्रणेच्या संचात घालून रिबिल्ड लावला, तर नऊ दिवसांहून जास्त लागले. तेवढ्याच क्षमतेच्या सीएमआर डिस्कचं काम एका दिवसाच्या आत झालं होतं. अमेरिकेत कंपनीवर ग्राहकांचे दावे झाले. जूनमध्ये कंपनीने मालिका फोडली: सीएमआर डिस्कना रेड प्लस हे नवं नाव (रेड प्रो आधीपासून होतीच), आणि नुसतं "रेड" हे नाव उरलं ते एसएमआरला. म्हणजे दुकानात धूळ खात पडलेली ती "नॅस" डिस्क कायदेशीर, नवी, खरी, सगळं होती. फक्त आमच्या कामाची नव्हती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नऊ दिवसांचा तो प्रयोग झेडएफएसवरचा होता. झेडएफएस रिबिल्ड करताना बरंचसं उड्या मारत लिहितं, एसएमआरला ते सगळ्यांत जड जातं. सायनॉलॉजीमध्ये आत लिनक्सची साधी एमडी यंत्रणा असते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ लिहीत जाते. त्यामुळे दोन डिस्कच्या मिररमध्ये एसएमआर घातली म्हणजे रिबिल्ड फसणारच, असं नाही. पण त्याच वेळी फोन फोटो चढवत असले, नॅस त्यांची छोटी चित्रं बनवत असला, मामा कॅसेट उतरवत असले, तर सरळ लिखाण सरळ राहत नाही. दोनअडीच हजार वाचवायला ही जोखीम कशाला घ्यायची?

सीसीटीव्हीची डिस्क हा त्यामानाने अवघड प्रश्न. आपल्याकडे गल्लोगल्ली कॅमेरे लागल्यापासून लहान गावातल्या दुकानातही ती हमखास मिळते, नॅसची मिळेलच असं नाही. ती चोवीस तास चालायला बनवलेली असते, वर्षाला १८० टीबीच्या कामाचं माप तिला असतं, साध्या डेस्कटॉप डिस्कला ५५ च्या आसपास. पण ती आतून बनवलेली असते अखंड येणारं चित्रीकरण लिहायला. एखादी फ्रेम बिघडली तरी चालेल, लिखाण थांबता कामा नये, हा तिचा स्वभाव. त्यासाठीचे खास आदेश डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र) तिला देतो, नॅस देत नाही, त्यामुळे नॅसमध्ये ती बऱ्यापैकी साध्या डिस्कसारखी वागते. वेळ पडली तर मी ती साध्या एसएमआर डिस्कच्या आधी उचलेन, मॉडेल नंबरावरून सीएमआर आहे हे पाहून. वेळ पडली नव्हती.

चौथा पर्याय न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाचा. तिकडे सेलमध्ये मोठ्या यूएसबी डिस्क स्वस्त मिळतात, त्यांचं कवच फोडून आतली डिस्क काढायची. दिवाळीला येताना दोन घेऊन येतो, म्हणाला. हा उद्योग अनेक जण करतात आणि आतली डिस्क बहुधा चांगलीही निघते. कधी ती जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाही, कारण साटाच्या नव्या नियमात पॉवरच्या तिसऱ्या पिनला "बंद हो" असा अर्थ दिलाय आणि जुना सप्लाय त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत बसतो. लोक पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) चिकटवून ते सोडवतात. आमची अडचण दुसरीच होती. कवच फोडलं की वॉरंटीचा वाद, आणि वाद नसला तरी ती वॉरंटी तिकडची. सांगलीत मेलेली डिस्क न्यू जर्सीतल्या एडिसनला पाठवून बदलून आणायची हे मामांना पटणारं नव्हतं. शिवाय दिवाळी लांब होती.

सात सेकंद

नॅससाठीच्या डिस्कला जास्त पैसे का द्यायचे, याचं दुसरं कारण सीएमआरपेक्षाही कमी माहीत असतं. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. घरच्या संगणकातल्या डिस्ककडे त्या माहितीची एकमेव प्रत असते, म्हणून ती बराच वेळ हट्ट धरते, मिनिटभरसुद्धा. लिनक्सचा कर्नल साधारण ३० सेकंद वाट पाहतो, मग जोडणीच तोडून पुन्हा सुरू करतो. तेवढ्यात डिस्क बोललीच नाही तर मिररमधून तिची हकालपट्टी. एक सेक्टर गेला आणि त्यापायी अख्खी डिस्क बाद.

नॅसची डिस्क सात सेकंदांत हात वर करते: हा सेक्टर मला वाचता येत नाही. मग एमडी तोच भाग शेजारच्या डिस्कवरून वाचतं आणि बिघडलेल्या जागी पुन्हा लिहितं, डिस्क तो सेक्टर राखीव जागेत हलवते, आणि मामांना काही कळतही नाही. काही डेस्कटॉप डिस्कना ही सात सेकंदांची सूचना हाताने देता येते, पण वीज गेली की त्या ती विसरतात. आणि आपल्याकडे वीज जातेच.

(उलट बाजूही आहे. जोडीदार मेलेली असताना उरलेल्या एकट्या डिस्कने सात सेकंदांत हात वर करणं तितकंसं बरं नाही, तिथे हट्टच हवा. म्हणून तर रिबिल्डच्या आधी वेगळी प्रत काढायची, हे पुढे आलंच आहे.)

फिरण्याचा वेग मी मुद्दाम कमी मागितला. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या वेगाच्या डिस्क, तोशिबाची एन३०० किंवा कुठलीही प्रो मालिका, दोन खणांच्या घरगुती बॉक्सला गरजेपेक्षा जास्त आहेत. मामांच्या घरी सगळी वाहतूक एका गिगाबिटच्या तारेतून जाते, म्हणजे सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी. ५४०० ची डिस्क तेवढं सहज देते. नॅस कॅसेट डेकच्या शेजारीच आहे, गुरगुर कानाला लागते. मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, तिथे डिस्कने आपली उष्णता घालायला नको. प्रो मालिकेतलं हादरे ओळखण्याचं तंत्र एका कपाटात डझनभर डिस्क असतील तिथलं.

खरेदी

शेवटी दोन नावं उरली: डब्ल्यूडी रेड प्लस, डब्ल्यूडी४०ईएफपीएक्स, आणि सीगेट आयर्नवुल्फ, एसटी४०००व्हीएन००६. दोन्ही ४ टीबी, ५४०० वेग, सीएमआर, तीन वर्षांची वॉरंटी. दोन्हींना २५६ एमबी कॅश आहे, म्हणजे "कॅश जास्त तर एसएमआर" हा २०२० मधला ठोकताळा आता उपयोगाचा नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर हा शब्द शोधणं एवढाच खात्रीचा मार्ग.

दोनपैकी एक निवडण्याऐवजी एकेक घेतली. एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच प्रकारे आणि जवळपास एकाच वेळी बिघडण्याची भीती असते, मिररमध्ये तेच नको असतं. वेगळ्या कंपन्यांच्या ४ टीबीच्या डिस्क आकाराला थोड्या कमीजास्त निघतील का, अशी शंका मामांनी काढली. बँकेतल्या माणसाला शोभेल अशीच. सगळ्या कंपन्या आता एका ठरलेल्या सूत्राने सेक्टर मोजतात, ४ टीबी म्हणजे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर, दोघींतही तेवढेच.

सांगलीत आयर्नवुल्फ मागवून मिळाली. रेड प्लस मी पुण्याहून नेली. घेताना बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला, आणि पैसे देण्याआधी तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी भारतातली दिसते का ते पाहिलं. परदेशातून आणलेला किंवा एखाद्या संगणक कंपनीसाठी बनलेला नग असेल तर तिथे स्पष्ट कळतं, आणि मग भाव कितीही चांगला असला तरी घेऊ नये. आपल्याकडे डिस्क पुष्कळदा पेटीशिवाय, नुसत्या चंदेरी पिशवीत मिळते. त्यात गैर काही नाही, फक्त पिशवी सीलबंद हवी.

सील पुरेसं नाही हे २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत दिसलं. सर्व्हरमध्ये वापरून झालेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या, चालल्याच्या तासांचा स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडा शून्यावर आणून. हाइजे या तिथल्या प्रकाशनाने ते उघड केलं. फसवणाऱ्यांनी स्मार्ट पुसलं, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंदवही असते, तिच्यात हजारो तास तसेच होते. म्हणून आयर्नवुल्फ बसवण्याआधी माझ्या लॅपटॉपला जोडून स्मार्टसीटीएल या, अशा नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही आकडे ताडून पाहिले. दोन्हीकडे शून्य. रेड प्लसला फार्म नाही, तिचे स्मार्टचे तास पाहिले आणि दोघींनाही रात्रभर सविस्तर चाचणीला लावलं.

बसवणं

सगळ्यात आधी पूर्ण प्रत. त्यासाठी मोठी यूएसबी डिस्क लागणार होती, आणि इथे दुकानातली ती पहिली स्वस्त बाराकुडा कामी आली. साडेतीन इंची कवचात घालून नॅसला जोडली. महिन्यातून एकदा तीन-तीन जीबीच्या फाइली ओळीने लिहायच्या आणि मग कपाटात ठेवून द्यायची, या कामाला एसएमआर उत्तम. मामांना हे फार आवडलं, कारण दुकानदाराने पुढे ठेवलेल्यांपैकी एक डिस्क शेवटी घेतलीच गेली.

डीएस२१८जेमध्ये चालू असताना डिस्क काढता येत नाही. बंद करायचा, झाकण सरकवायचं, स्क्रू काढायचे. या कामात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे चांगली डिस्क बाहेर काढणं. बंद करण्याआधी स्टोरेज मॅनेजरमध्ये आजारी डिस्कचा सिरियल नंबर पाहून मामींनी तो पाकिटावर लिहून ठेवला. डिस्क बाहेर काढल्यावर लेबलावरचा नंबर मामांनी वाचला, मामींनी टिकमार्क केली. बँकेत रोकड मोजताना होतं तसं, दोघांनी.

आधी आजारी डिस्कच्या जागी आयर्नवुल्फ. रिपेअर लावला (सायनॉलॉजीत रिबिल्डचं हे नाव). जुना व्हॉल्यूम २ टीबीचाच, त्यामुळे तेवढंच लिहायचं होतं. सेकंदाला १२० एमबी धरलं तर साडेचार-पाच तासांचं काम. अंदाज जवळपास बरोबर निघाला. त्या वेळात फोनचे फोटो चढवणं बंद ठेवलं आणि कॅसेट डेकलाही सुट्टी. घरचा इन्व्हर्टर आम्ही आधीच यूपीएस मोडवर टाकला होता. साध्या मोडवर वीज गेली की पंखे चालू राहतात, पण पालट इतका सावकाश होतो की नॅस बंद पडू शकतो. आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी सांगलीत वळीव येणार नाही याची हमी कोण देणार! आला, वीज गेली, नॅसला कळलंही नाही.

रिपेअर पुरा झाल्यावर, नुसता हिरवा दिवा पाहून नव्हे तर "निरोगी" अशी नोंद वाचून, पहिल्या खणातली जुनी पण चांगली डिस्क काढून रेड प्लस बसवली, पुन्हा रिपेअर. दोन्ही झाल्यावरच वाढीव जागा हाती येते. एक ४ टीबी आणि एक २ टीबी असताना मिरर २ चाच राहतो. पहिली डिस्क बसवल्यावर जागा वाढली नाही म्हणून लगेच गडबडायचं कारण नसतं.

पहिल्या खणातली ती जुनी डिस्क पुसली नाही. तारीख लिहून, मऊ कापडात गुंडाळून ती मामांच्या मुलीकडे पुण्याला गेली. तिच्यावर त्या दिवसापर्यंत उतरवलेल्या सगळ्या कॅसेट आहेत. बाराकुडावरची प्रत दर महिन्याच्या एक तारखेला ताजी होते. निवृत्तिवेतन जमा झालं की नाही ते पाहायचा दिवस, म्हणून लक्षात राहतो. दर महिन्याला सविस्तर स्मार्ट चाचणी आपोआप लागते आणि निकाल मामांच्या ईमेलवर येतो. आणि दुकानदाराने त्यांच्याकडून एसटी४०००व्हीएन००६ हा नंबर लिहून घेतला. मिरजेतल्या एका फोटोग्राफरलाही तशीच हवी होती.